मदत हवी आहे: घरातल्या भांड्यांतून घंटा, तलवार, साखळदंडाचे आवाज. घागर फाटते, पिझो पातळ वाजतो

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाचं अर्ध्या तासाचं ध्वनिनाट्य तयार होतंय. कथा जुन्या गढीत घडते, त्यामुळे धातूचे आवाज भरपूर लागतील: देवळाची मोठी घंटा, तलवारींची झटापट, कैद्याच्या पायातला साखळदंड, दिंडी दरवाजाची कडी-कोयंडा आणि विहिरीच्या रहाटाची कुरकुर. इंटरनेटवरचे तयार आवाज लावायचे नाहीत. आपल्या कानाला आपली घंटा कोणती आणि परकी कोणती, ते लगेच कळतं.

हाताशी झूम एच1एन रेकॉर्डर आहे, 27 मिमीची पिझो चकती (वस्तूला चिकटवली की तिची कंपनं विजेत बदलणारी) थेट त्याच्या माइक इनपुटला जोडलेली आहे आणि संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर आहे. खर्चाला फार तर तीन हजार रुपये. जागा म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली आणि मागे मोकळं शेत.

अडचणी अशा:
1. पितळी घागरीवर हातोडी मारली की मीटर -6 डेसिबलच्या वर जात नाही, तरी आवाज फाटतो.
2. पिझोतून फक्त किरकिर येते, धातूचा भरीवपणा अजिबात नाही.
3. घंटेसाठी बिडाचा जाड तवा टांगला. जड आहे म्हणून घुमेल असं वाटत होतं, पण नुसतं 'थप्प' होतं.
4. नॉइज रिडक्शन लावलं की घुमत जाणारी शेपटी पाण्याखाली गेल्यासारखी बुडबुडते.

---

उद्यमबागकर

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. घुमणं वजनातून येत नाही, धातूच्या आतल्या रचनेतून येतं. बिडात ग्राफाइट पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि कंपनं तो आतल्या आतच जिरवतो. लेथचा बेड बिडाचा करतात तो याचसाठी, मशीनचा थरथराट मरावा म्हणून. ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं एसजी आयर्न बरंचसं पोलादासारखं वाजतं. आमच्याकडच्या फाउंड्रीत कास्टिंगवर हातोडी टाकून कान देतात तेव्हा हाच फरक ऐकू येतो. तेव्हा तवा घंटेला निरुपयोगी आहे, पण टाकून देऊ नका. दरवाजा बंद होतानाच्या दणक्याच्या तळाशी तो फार चांगला बसतो.

घंटेला कासं घ्या. घंटेच्या काशात तांबं साधारण 78 आणि कथील 22 टक्के असतं. हा मिश्रधातू कडक आणि ठिसूळ, म्हणून कंपनं फार कमी जिरवतो. घरात तळपाय घासायची काशाची वाटी असेलच, ती पुरते. वाटी तीन बोटांच्या टोकांवर धरा किंवा दोरीच्या छोट्या चुंबळीवर ठेवा, म्हणजे फक्त तळ टेकेल आणि काठ मोकळा राहील. काठावर लाकडी लाटण्याने मारा. मग लाटण्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्याच जागी मारा. कडक वस्तू धातूला अगदी थोडा वेळ टेकते, त्यामुळे वरचे स्वर उसळतात. मऊ वस्तूने खालचा स्वर पुढे येतो. दोन्ही रेकॉर्डिंग ठेवा, शेवटी दोन्ही लागतील.

वाटी बद्द वाजली तर काठाला केसासारखी चीर आहे का ते नखाने तपासा. चिरलेलं भांडं कितीही चांगल्या माइकसमोर बद्दच वाजणार.

---

निपाणी_ध्वनी

घागर का फाटते ते सांगतो. ऑडॅसिटीत त्या ठोक्यावर झूम करून बघा. लाटेची टोकं -6 वरच सपाट कापलेली दिसली तर बिघाड आकडे होण्याच्या आधीच झालेला असतो, म्हणजे माइकच्या कॅप्सूलमध्ये (आवाज झेलणाऱ्या भागात) किंवा प्रीअँपमध्ये (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागात). एच1एनचे माइक कमाल 120 डेसिबल दाबापर्यंत चालतात. पितळेवर हातोडीचा ठोका वीतभर अंतरावरून ती मर्यादा सहज ओलांडतो. लेव्हलचं चाक कमी केलं तर मीटर खाली येतं, कॅप्सूलवरचा दाब तेवढाच राहतो. 32 बिट फ्लोटचा (लेव्हल चुकली तरी आकडे न कापणारा) नवा रेकॉर्डर आणला तरी कॅप्सूलचा फाटका आवाज शिवता येत नाही, तेव्हा तीन हजार त्यात घालू नका.

उपाय अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. 15 सेंमीवरून 60 सेंमीवर गेलात की 12 डेसिबल सुटले. माइक ठोक्याच्या रेषेत नको, थोडा बाजूला वळवा. मीटरवर सर्वांत मोठा ठोका -12 च्या आसपास ठेवा, कारण धातूचा पहिला 'खट' इतका झटक्यात येतो की मीटर त्याला पुरतं गाठत नाही.

ऑटो लेव्हल आणि लिमिटर दोन्ही बंद करा. लिमिटर ठोका दाबतो आणि लगेच सोडतो, त्यामुळे शेपटी फुगते. ऑटो लेव्हल तर ठोका संपल्यावर पंख्याचा आवाज वर ओढून आणतं. लो कटही बंद. खालचं छाटायचं ते नंतर संगणकावर छाटता येतं. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ वेव्ह फाइल ठेवा. मिनिटाला साधारण 35 एमबी जातात, 32 जीबीच्या कार्डात तुमचं सगळं काम मावेल.

---

सोल्डर_तार

पिझो चकती चांगलीच आहे, चूक जोडणीत आहे. 27 मिमीची चकती विजेच्या दृष्टीने साधारण 20 नॅनोफॅरडचा कपॅसिटर असते. छोट्या रेकॉर्डरच्या माइक इनपुटचा अवरोध काही हजार ओहमच असतो. 2 किलोओहम धरला तर दोघांचा मिळून हाय-पास फिल्टर होतो आणि सुमारे 4 किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. उरते ती किरकिर. समोर 1 मेगओहम दिलात तर हीच मर्यादा 8 हर्ट्झवर येते आणि घागरीचं पोट ऐकू येतं.

सोपा मार्ग: लाऊडस्पीकरवाल्याकडून किंवा गिटार वाजवणाऱ्याकडून 1 मेगओहम इनपुटचा, बॅटरीवर चालणारा अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (असा सिग्नल माइक इनपुटला जुळवून देणारी डबी) दोन दिवस मागून घ्या. त्याचं आउटपुट एक्सएलआर (तीन पिनांचं गोल) असतं, एच1एनला साडेतीन मिमीची पिन लागते, तेव्हा जोडवायर बरोबर न्या.

स्वतः करायचं तर टीएल071 आयसी आणि 9 व्होल्टची बॅटरी. 100 किलोओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एकापुढे एक जोडून मधून साडेचार व्होल्ट काढा, त्या बिंदूपासून ग्राउंडला (म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला) 10 मायक्रोफॅरड. तिथून आयसीच्या 3 नंबर पायाला 4.7 मेगओहम. पिझोची मधली तार 0.1 मायक्रोफॅरडमधून त्याच पायाला. 2 आणि 6 एकमेकांना जोडा. 6 मधून 10 मायक्रोफॅरड आणि मग 1 किलोओहममधून रेकॉर्डरला. 7 ला बॅटरीचं धन, 4 ला ऋण. रेकॉर्डरच्या मेनूत प्लग-इन पॉवर (इनपुटमधून माइकला मिळणारी वीज) बंद ठेवा.

चकतीवर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, मधला चंदेरी थर उचकटून येतो. मागे इन्सुलेशन टेप, त्यावर तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची फॉइल, आणि ती फॉइल ग्राउंडला. हे केलं नाही तर 50 हर्ट्झची घरघर येणारच. चकती चिकटवायला दुहेरी टेप चालते, पण मधमाशीचं मेण बोटाने मळून पातळ लावलं तर वरचे स्वर जास्त येतात. थर जाड झाला की तोच गादीचं काम करतो. ज्या जागी ठोका मारता तिथून चकती लांब लावा. जोरदार ठोक्याला चकती काही व्होल्ट देते आणि 9 व्होल्टवर चालणाऱ्या आयसीला तेही पेलत नाहीत, म्हणून हलक्या टोल्यांपासून सुरुवात करा.

---

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. घागरीच्या लाटेची टोकं खरंच सपाट आहेत, आता अंतर वाढवून घेतो. तलवारीचं काय करावं? विळीचं पातं आणि कोयता एकमेकांवर घासले तर भांडी घासल्यासारखंच वाटतं. आणि शेपटीचा प्रश्न अजून आहे.

---

उद्यमबागकर

कोयता मुठीत घट्ट धरला की हाताचं मांसच कंपन खातं. तलवारीसाठी गॅरेजमधून कमानीचा जुना पाटा आणा, साधारण 60 सेंमीचा तुकडा, गंज तारेच्या ब्रशने घासलेला. स्प्रिंगचं पोलाद कडक असतं, म्हणून खणखणतं. आता महत्त्वाचं: सारख्या जाडीची मोकळी पट्टी आपल्या मूळ स्वरात कंप पावते तेव्हा दोन जागी ती जवळजवळ स्थिर असते, प्रत्येक टोकापासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर. 60 सेंमीला साडेतेरा सेंमी येतात. त्या दोन खुणांवर नायलॉनच्या दोरीचे फास टाकून पाटा आडवा टांगा. फास दोन बोटं जरी सरकला तरी घुमणं कमी होतं, ते तुम्हाला लगेच ऐकू येईल. पाटा किंचित वाकडा असतो, तेव्हा खूण हा अंदाज समजा आणि शेवटी कानाने जुळवा. ठोका मधोमध किंवा अगदी टोकाला.

म्यानातून उपसताना येणारा 'श्शिंग' हा नाटकाचा आवाज आहे. खरं म्यान बहुधा लाकूड आणि चामड्याचं, त्यातून असा आवाज निघत नाही. पण श्रोत्याला तो लागतोच. टांगलेल्या पाट्याच्या कडेवरून स्टीलचं उलथनं एका दमात, वेग वाढवत ओढा.

कडक पोलादावर कडक पोलाद कधीही जोराने आपटू नका. हातोडीवर हातोडी नको, कानशीवर तर नकोच. कपची उडते ती सरळ डोळ्यात जाते. चष्मा घाला, कानात इअरप्लग घाला.

---

निपाणी_ध्वनी

शेपटीचं. घुमणारा आवाज कमी होत होत खोलीच्या खरखरीइतका झाला की सॉफ्टवेअरला दोन्ही वेगळे करता येत नाहीत, मग तो बुडबुड करतो. म्हणून खरखर आधीच कमी असायला हवी. पत्र्याच्या खोलीत घेऊ नका. छपर स्वतः झणझणतं, शिवाय मांडणीवरची स्टीलची भांडीही त्याच स्वराला गुणगुणू लागतात. मागचं शेत चांगलं, फक्त उभ्या उसाशेजारी नको, पात सळसळते. कापणी झालेला तुकडा बघा. रात्र शांत वाटते खरी, पण रातकिडे साधारण 3 ते 8 किलोहर्ट्झमध्ये ओरडतात आणि धातूची चकाकी नेमकी तिथेच असते. ते छाटायला गेलात की काशाची वाटी मातीची होते. हिवाळ्यातली पहाट, दव असलं तरी, सर्वांत बरी. गळीत हंगाम सुरू असेल तर ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा वेळ आधी हेरून ठेवा. घरातच घ्यायचं तर करंट गेल्यावर घ्या, पंखा, फ्रीज, ट्यूबचा चोक सगळं एकदम गप्प असतं.

प्रत्येक ठोक्यानंतर पूर्ण दहा सेकंद कोणी हलू नका. शेवटी तीस सेकंद नुसती शांतता घ्या. नॉइज रिडक्शन लावायचंच तर 6 डेसिबलच्या वर नको, आणि खरखर सुरू होते तिथे लांब फेड-आउट द्या.

आता वाटीची घंटा करणं. ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड' (नव्या आवृत्तीत 'चेंज स्पीड अँड पिच') वापरा, नुसतं 'चेंज पिच' नको. पिच बदलताना ठोक्याची धार पुसट होते. वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली जातो आणि शेपटी दुप्पट लांब होते. पण सुरुवातीचा 'खट'ही दुप्पट लांबतो आणि आळशी वाटतो. त्याच्यावर मूळ वेगातला लाटण्याचा कडक ठोका ठेवा, फक्त पहिले 20-30 मिलिसेकंद, आणि सायकलची ट्यूब गुंडाळलेल्या लाटण्याच्या ठोक्याचं संथ रूप खाली. निम्म्याहून खाली जाऊ नका. एच1एनच्या माइकमध्ये 20 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतं, तिसरा हिस्सा वेग केला की 7 किलोहर्ट्झच्या वर अंधार.

---

सोल्डर_तार

कडी-कोयंडा हातात धरून वाजवू नका. दरवाजाचा आवाज हा निम्मा लाकडाचा असतो. जुन्या दाराची फळी किंवा जाड पाट घेऊन त्यावर कोयंडा खिळ्यांनी ठोका, फळी दोन विटांवर ठेवा, खाली गोणपाट. एकदा पिझो फळीच्या मागे लावून घ्या आणि एकदा एच1एन पुढे 50 सेंमीवर ठेवून, कारण पिन जोडली की एच1एनचे स्वतःचे माइक बंद होतात. दोन रेकॉर्डिंग जुळवताना दोन्हींतल्या आवाजाची सुरुवात एकावर एक आणा, नाहीतर खालचा भाग पोकळ होतो. साखळदंडाला गुरं बांधायची साखळी. शहाबादी फरशीवर ती फार कर्कश वाजते. अर्धी घोंगडीवर आणि अर्धी फरशीवर ओढा, पाऊल टाकल्याचा भास तिथे येतो.

---

मलप्रभाकाठ

पाटा टांगला, खुणेवर फास बसला की खरंच वेगळाच आवाज! घंटेचे थरही बसले. आता फक्त रहाट राहिला. विहिरीवरची कप्पी नुकतीच ग्रीस केलेली आहे, कुरकुरतच नाही.

---

उद्यमबागकर

कुरकुर म्हणजे दोन पृष्ठभाग चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, सेकंदाला शेकडो वेळा. ग्रीस ते होऊ देत नाही. विहिरीवरची कप्पी पाण्यासाठी लागते, तिला हात लावू नका. भंगारातून जुनी कप्पी आणा, आस रॉकेलने पुसून पूर्ण वाळवा, आणि व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ कुटून चिमूटभर आसावर टाका. दोरीला दहा लिटरची भरलेली बादली लावा. भार नसेल तर आस दाबली जात नाही आणि कुरकुर येत नाही. एका फेऱ्याला चार-पाच सेकंद, इतकं हळू फिरवा. वेग वाढला की कुरकुर मोडून नुसती घरघर होते. एकदा पिझो कप्पीच्या लोखंडी चौकटीवर मेणाने लावून घ्या, एकदा एच1एन हातभर लांब ठेवून. राळ काळी पडली की पुसून नवीन टाका.