मेसमधली स्टीलची ताटं बंद करायची?

माळढोक:
वरच्या पोस्टीत म्हटलंय, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा कॉलेजच्या मेसनं ताटं घासणं बंद करावं, कागदी प्लेटा आणाव्यात. गप्प बसवेना म्हणून लिहितोय. चकचकीत कागदी प्लेटीला आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून तर आमटी झिरपत नाही. ती खतात कुजत नाही, उष्टं लागलेली रद्दीवालाही घेत नाही. पाणी जातं ते सोडून दिलेल्या नळामुळे. मिनिटाला आठ-दहा लिटर सहज. ताट आधी खरडा, मग तीन टब: भिजवायला, साबणाला, खळबळायला. खळबळल्याचं पाणी पुढच्या खेपेला भिजवायच्या टबात.

हुरडा:
ताटाचं सोडा, ताटात काय वाढता? जिल्हा रब्बी ज्वारीचा, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, आणि मेसमध्ये रोज पोळी-भात! ज्वारी जमिनीतल्या ओलीवर निघते, वर कडबाही देते. भाताला किती पाणी लागतं? आठवड्यातले चार दिवस भाकरी सक्तीची करा.

मेसठेकेदार:
सक्ती म्हणणाऱ्यांनी आधी परातीशी बसा. कणीक तासभर आधी मळून ठेवता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही, प्रत्येक गोळा थापायच्या वेळीच मळावा लागतो, नाहीतर कडा फाटतात. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग आधणाचं पाणी घातलं तरी भाकरी तव्यावर टाकताना तुटते. तीनशे पोरांना दोन-दोन म्हणजे सहाशे भाकऱ्या. तासाला चाळीस धरल्या तरी पाच बायका तीन तास चुलीपुढे, तेही मे महिन्यात. त्यांची मजुरी कोण देणार?

हुरडा:
मजुरीचं नाव पुढे करून दरवेळी विषय गुंडाळायचा! दळण आठवड्यातून दोनदा काढा, विरी जायचा प्रश्नच नाही. आणि कडक भाकरी विसरलात? सोलापुरात बायकांचे गट करून विकतात, कोरड्या डब्यात आठवडेच्या आठवडे टिकते. उरली तरी फेकावी लागत नाही. मऊ भाकरी दुपारी शिळी होते, पोरं टाकतात.

मेसठेकेदार:
कडक भाकरी आठवड्यातून दोन दिवस, मान्य. चार नाही. चुरायला आमटी जास्त लागते, तिचा खर्च कुणी धरत नाही.

गोबरगॅस:
भाकरीवरून उतरा आता. उष्ट्याचं काय? ते बायोगॅस प्लांटमध्ये घाला. शंभर किलो ओल्या कचऱ्यातून साधारण आठ-दहा घनमीटर गॅस, म्हणजे चारेक किलो एलपीजीची बचत. रोज एवढा कचरा घातला तर पाच दिवसांत एकोणीस किलोचा एक सिलिंडर वाचतो म्हणा. पण लिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, हाडं टाकायची नाहीत. सणाच्या दुसऱ्या दिवशी उरलेला भात एकदम ओतला की आम्ल वाढतं, आंबट वास सुटतो, गॅस पेटत नाही. तेव्हा कचरा थांबवा, थोडी चुन्याची निवळी आणि शेणकाला घाला, वास जाईपर्यंत वाट बघा. बहुतेक प्लांट इथेच बंद पडतात, कारण रोज बघणारा माणूस ठरलेला नसतो.

मूळ पोस्टवाला:
ठीक, प्लास्टिकच्या थराची कागदी प्लेट मागे घेतो. पण पळसाची पत्रावळ? ती तर कुजते. बायोगॅस प्लांटच्या टाकीत घाला.

गोबरगॅस:
टाकीत नाही! पानांचे तंतू तरंगतात, वर जाड साय धरते, गॅस खालीच अडतो. पत्रावळ फाडून कंपोस्टच्या खड्ड्यात, शेणकाल्याचा थर देऊन.