टाइमप्लीज : दुःखात खेळलेले खेळ

पारवा
काल माळा आवरताना पत्त्यांचा डबा सापडला आणि त्याच्या तळाशी गुणांची वही. दोन रकाने, 'बा' आणि 'मी'. पानंच्या पानं आकडे. वही हातात घेऊन शिडीवरच बसून राहिले.

आई गेली तेव्हा मी १३ वर्षांची. आलेली माणसं एकेक करून परतली आणि घरात आम्ही दोघं उरलो. बाबा मुळातच अबोल. रात्र झाली की घर खायला उठायचं. एका रात्री त्यांनी काही न बोलता पत्ते पिसले आणि १३-१३ पानं वाटली. मला रमी येत नव्हती, त्यांनी शिकवली. त्यानंतर रोज रात्री ९ ला आमची बैठक. साधारण दीड वर्ष चालली.

पहिल्याच महिन्यात कधीतरी बाबांनी उघड उघड लबाडी केली. स्वतः टाकलेलं पान परत उचललं. मी ओरडले, "रडीचा डाव!" आणि आम्ही दोघंही दचकलो, कारण घरात इतक्या दिवसांत एवढा मोठा आवाज झालाच नव्हता. मग बाबा हसले. मग मी. आणि लगेच भयंकर अपराधी वाटलं, आई नाही आणि मी हसतेय! त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. तोवर तेही जमलं नव्हतं.

आईबद्दल आम्ही फारसं बोललो नाहीच. पण पानं लावता लावता बाबा मधेच म्हणायचे, "ही राणी तुझ्या आईनं सोडली नसती." तेवढंच. नजर पत्त्यांत होती म्हणून ते तोंडून निघालं, समोर बसवून बोलायला लावलं असतं तर नसतं निघालं.

लहानपणी दम लागला की आपण टाइमप्लीज म्हणायचो ना, तसा तो तास असायचा. दुःख दाराबाहेर थांबायचं, जायचं नाही कुठे. तुमच्याकडे आहेत का असे खेळ? लिहा. जमेल तसं लिहा.

भिंगरी
हजार तुकड्यांचं जिगसॉ. त्यात तीनेकशे तरी नुसतं आकाश.
चौथ्या महिन्यात गेलं आमचं. नवरा आणि मी एकमेकांशी बोलायला घाबरायचो, कोण काय बोलेल आणि कोण कोसळेल. टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. "हा निळा तुझ्याकडचा का?" "दाखव." एवढाच संवाद, पण रोज व्हायचा. आकाश पूर्ण व्हायला पावणेदोन महिने लागले. मग मोडवेना. अजून पलंगाखाली पुठ्ठ्यावर तसंच आहे.
कपडे वाळत घालायचेत, नंतर येते.

पारवा
भिंगरी, काय बोलू गं. नको मोडूस.

रानवारा
सुरेख लिहिलंयस. एक शंका, एक्क्याचे किती गुण धरायचात? आमच्यात १ धरतात. यावरून मी आणि भाऊ अख्खा उन्हाळा भांडलोय.

शिंपला
१० च. राजा, राणी, गुलाम, एक्का सगळे १०.

रानवारा
भाऊ पण हेच म्हणायचा :)
तो गेला २ वर्षांपूर्वी. आज पहिल्यांदा लिहितोय कुठे. ते भांडण परत हवंय मला.

शिंपला
अरे. मग मी १० वरून हटत नाही. कधीही भांडायला ये, मनापासून सांगतेय.

चकवा
घटस्फोटानंतर शेजारच्यांनी ओढून बॅडमिंटनला नेलं. आयुष्यात रॅकेट धरली नव्हती. एक आजोबा म्हणाले, "हा आपला लिंबूटिंबू, याची चूक मोजायची नाही." तो शब्द ऐकून मला कोर्टावरच भरून आलं. वर्षभर माझी प्रत्येक चूक मोजली जात होती हो, वकिलाकडे, नातेवाइकांत, माझ्या स्वतःच्या डोक्यात. आणि इथे फूल नेटमध्ये गेलं तरी सगळे "परत घे, परत घे" म्हणतायत. तीन महिने लिंबूटिंबू होतो. मग माझेही गुण मोजायला लागले, तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

कवडसा
मुलांबरोबर खेळोपचाराचं काम करते, म्हणून थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

मोठी माणसं दुःख बोलून काढतात असं आपण मानतो. मुलं ते खेळून काढतात. मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९२० मध्ये आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ नोंदवला होता. दोरी बांधलेलं लाकडी रीळ. पोरगं ते पाळण्याच्या कडेवरून पलीकडे फेकायचं, दिसेनासं झालं की "गेलं", दोरी ओढून परत आणलं की आनंदानं "आलं". आई घराबाहेर जायची तेव्हा त्याला काहीच करता यायचं नाही. रिळाची दोरी मात्र त्याच्या हातात होती. मला हे फार पटतं. पारवाच्या बाबांच्या हातात काहीच उरलं नव्हतं, पत्ते पिसणं होतं.

माझ्याकडे अपघातातून वाचलेला एक मुलगा यायचा. वाळूत गाड्या आणायचा, त्या धडकायच्या, संपलं. दर वेळी तेच. मी नुसती शेजारी बसून असायची. बऱ्याच आठवड्यांनी त्यानं गाड्या बाजूला ठेवल्या आणि वाळूत बोटानं रस्ता रुंद करायला घेतला. तासभर फक्त रस्ता. मला म्हणाला, "तूपण कर तिकडून."

पण प्रत्येक खेळ मोकळं करतोच असं नाही, हेही सांगायला हवं. १९७६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावी २६ मुलांना शाळेच्या बससकट पळवून जमिनीखाली कोंडलं होतं. सगळी सुटली. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ त्यांना नंतर भेटल्या, तर काही मुलं तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळत होती, अगदी तस्साच, आणि त्यात मजा नव्हती. खेळ अडकला होता. असं मूल दिसलं तर "खेळतंय ना, मग बरंय" म्हणून सोडू नका. जाणकाराला दाखवा.

भिंगरी
आले परत. कवडसा, 'शेजारी बसून असायची' हे वाचून थांबले. तेच तर कोणी करत नाही.

ठोकळा
माझा खेळ टेट्रिस. हसू नका.
मित्राचा अपघात माझ्यासमोर झाला. डोळे मिटले की तेच चित्र. बसमध्ये, वर्गात, कुठेही. मोबाइलवर ठोकळे रचायला लागलो, नुसतं सुचत नव्हतं म्हणून. खूप नंतर कळलं की यावर खरंच संशोधन झालंय. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना त्रासदायक चित्रफीत दाखवली, अर्ध्या तासानं काहींना १० मिनिटं टेट्रिस दिलं. ज्यांनी खेळलं त्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा डोळ्यांपुढे आली. पुढे रुग्णालयात आलेल्या ७१ अपघातग्रस्तांवर पाहिलं, अपघातानंतर ६ तासांच्या आत, तिथेही तसंच. ठोकळा फिरवून कुठे बसेल हे डोक्यात बघावं लागतं, म्हणून त्या चित्राला जागा कमी मिळते, असं त्यांचं म्हणणं. प्रसंग विसरला जात नाही, मलाही सगळं आठवतं. आपसूक अंगावर येणं कमी होतं. मी दोन महिन्यांनी सुरू केलं, त्यामुळे माझ्या बाबतीत त्याचंच श्रेय का हे सांगता येणार नाही. पण मला धरायला काहीतरी मिळालं.

नीरव
ठोकळा, तुझं पटलं, पण माझी दुसरी बाजू लिहितो. नोकरी गेली त्यानंतर मी रात्री ९-९ तास गेम खेळायचो. मजा येत नव्हती, फक्त थांबलो की विचार यायचे म्हणून थांबायचो नाही. बायको दाराशी उभी राहून परत जायची. एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंकला तरी खूश होत नाही." ते लागलं. कन्सोल फेकला नाही, दिवाणखान्यात आणून ठेवला. आता तिच्याशी खेळतो, रोज तासभर. त्यात हरल्याचंही वाईट वाटतं, जिंकल्याचाही आनंद होतो. खेळणं आणि पळणं यातला फरक मला असा कळला.

कवडसा
नीरव, मुलीनं अगदी नेमकं पकडलं. मजा येतेय का, थांबता येतंय का, कुणी सोबत येऊ शकतं का, एवढंच मीही बघते.

सोनटक्का
घाईत. लेकाची केमो चालू आहे, वॉर्डातून लिहितेय. इथल्या सिस्टरनं त्याला सुई नसलेली सिरिंज दिलीय, पाणी भरून डॉक्टरांवर उडवतो. डॉक्टर मुद्दाम दोनदा आत येतात भिजायला. ज्या वस्तूला बघून किंचाळायचा तीच आता उशीखाली घेऊन झोपतो. मुलांच्या हक्कांच्या जागतिक करारात (१९८९) कलम ३१ खेळण्याच्या हक्काचं आहे, असं इथल्या भिंतीवर लिहिलंय. रोज वाचते. हाक मारतोय, जाते.

पारवा
सोनटक्का, त्याला माझ्याकडून एक पिचकारी जास्त. कळवत राहा.

शिंपला
आमच्या मांजरीचं पिल्लू गेलं तेव्हा ती आठवडाभर कोपऱ्यात होती. मग एक दिवस चप्पलचा पट्टा ओढायला लागली. प्राण्यांनाही लागत असेल का असं काही?

कवडसा
दुःखाबद्दल ठाम सांगता येणार नाही, पण खेळ त्यांच्यात खोल आहे. जाक पंकसेप या मेंदूशास्त्रज्ञानं उंदरांना गुदगुल्या करून पाहिल्या. उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवत होते. माणसाला २० च्या पुढे ऐकूच येत नाही, म्हणून ते खास यंत्रानं ऐकावं लागलं. आणि हात काढला की उंदीर हाताच्या मागे धावायचे, अजून कर म्हणून.

रानवारा
उंदीर हसतात?! भावाला सांगायला हवं होतं हे.

शिंपला
इथे सांगितलंस ना, आम्ही ऐकलं.
चप्पल मात्र गेली. दुसरीही तिलाच दिली.

पारवा
बाबांना आत्ता फोन केला. वही सापडली म्हटलं तर बराच वेळ गप्प. मग पहिला प्रश्न, "शेवटच्या पानावर कोण पुढे आहे?" मी पुढे आहे, ४६ गुणांनी. म्हणाले, "त्यातले २० चुकीचे आहेत, तेव्हाच सांगितलं होतं." रविवारी जातेय त्यांच्याकडे, वही घेऊन.
रानवारा, विचारलं बरं का. एक्का १०.

रानवारा
१ च.