मदत हवी आहे: सी++ लायब्ररीचं पायथन बाइंडिंग, फ्रेम आपोआप बदलतात आणि प्रोग्रॅम मधेच गोठतो

मंडळी, कुपवाड एमआयडीसीत बेदाणा निवडायच्या मशीन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. पट्ट्यावरून दाणे जातात, वर कॅमेरा असतो, काळा दाणा किंवा काडी दिसली की हवेचा झोत मारून बाजूला. ही निवड सी++ लायब्ररीत होते, ती चोख आहे. रिपोर्ट आणि रंगाच्या मर्यादा पायथनमधून बदलता याव्यात म्हणून पायबाइंड११ चं बाइंडिंग (सी++ ची फंक्शनं पायथनमधून बोलावता येतील असा दुवा) केलंय. ते लिहिणारा पुण्याला गेला, आता सांभाळायला मी एकटाच.

बाद दाण्यांच्या फ्रेम (कॅमेऱ्याने टिपलेली चित्रं) लिस्टमध्ये साठवतो आणि घाणा संपला की सेव्ह करतो. उघडून बघावं तर भलतेच दाणे. पहिल्या आणि नवव्या फ्रेममध्ये एकच चित्र, दुसऱ्या आणि दहाव्यात एकच. लायब्ररीत आठ फ्रेमचा रिंग बफर (आठ जागा भरल्या की पुन्हा पहिल्यापासून वापरणारी मेमरी) आहे, म्हणून संशय तिथेच. पण पायथनमध्ये चित्र ज्यात दिसतं त्या नमपाय ॲरेचा बेस (मेमरीचा मालक) म्हणून कॅमेरा ऑब्जेक्ट दिलाय, म्हणजे ॲरे आहे तोवर कॅमेरा मरत नाही. मग बिघडतंय कुठे? कॉपी करायची नाही, मशीन मंदावेल, असा वरून आदेश आहे.

दुसरं, प्रोग्रॅम कधीतरी गोठतो. सीपीयू शून्यावर, एरर नाही, कंट्रोल-सी दाबलं तरी ढिम्म. फ्रेम टिपणारा कॅप्चर थ्रेड दर फ्रेमला पायथनचा कॉलबॅक (आम्ही दिलेलं फंक्शन) बोलावतो, एवढं माहीत आहे.

तिसरं, ऑफिसात उबुंटू २२.०४ आणि सावळजच्या एका ग्राहकाकडे १८.०४. इथे बांधलेलं तिकडे 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' म्हणतं (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). कॅमेऱ्याच्या जुन्या ड्रायव्हरमुळे तिथलं उबुंटू हलवता येत नाही. हंगाम तोंडावर आलाय, जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
बेस दिल्याने मेमरी जिवंत राहते, मजकूर नाही. कॅमेरा जिवंत आहे म्हणूनच तो त्याच जागेवर पुढची फ्रेम खुशाल लिहितोय. कीप-अलाइव्ह (ऑब्जेक्ट जिवंत ठेवायची पायबाइंडची सूचना) वगैरे कितीही लावलंत तरी हे थांबणार नाही. फ्रेम केवढी आहे?

धागाकर्ता:
२०४८ बाय १०२४, तीन रंग. सेकंदाला ३० फ्रेम.

प्रतिसाद:
म्हणजे फ्रेमला ६ एमबी, सेकंदाला १८०. साध्या पीसीची मेमरी सेकंदाला कित्येक जीबी हलवते. अहो, सरळ कॉपी करा! तुम्ही तर फक्त बाद फ्रेम ठेवताय, तेवढ्याच कॉपी करायच्या. साहेबांना आकडे मोजून दाखवा, आदेश आपोआप मागे येतो.

तरीही कॉपी नकोच असेल तर रिंग काढून फ्रेमचा पूल करा. प्रत्येक फ्रेम शेअर्ड पॉइंटरमध्ये (शेवटचा वापरणारा सुटला की फ्रेम मोकळी करणारा) ठेवायची, तो पॉइंटर कॅप्सूलमध्ये (सी++ चा पॉइंटर गुंडाळणारा पायथन ऑब्जेक्ट) घालायचा आणि कॅप्सूल ॲरेला बेस म्हणून द्यायची. पायथनने ॲरे सोडला की फ्रेम पूलमध्ये परत. पण लिस्टने सगळ्याच फ्रेम धरून ठेवल्या तर पूल रिकामा होईल आणि तेव्हा कॅमेऱ्याने काय करायचं हे तुम्हालाच ठरवावं लागेल. म्हणून म्हणतो, कॉपी करा.

दुसरा प्रतिसाद:
गोठण्याचं लक्षण डेडलॉकचं (दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकणं) दिसतंय. पुढच्या वेळी प्रोसेस मारू नका. पाय-स्पाय या टूलचा डंप नेटिव्ह पर्यायासह (सी++ चे कॉलही दिसतात) काढा, चालत्या प्रोसेसवर चालतो. कोणता थ्रेड कशाची वाट बघतोय ते कळेल.

धागाकर्ता:
आज सकाळी सापडला. मुख्य थ्रेड एक्स्पोजर बदलायच्या फंक्शनमध्ये म्युटेक्सवर (सी++ मधलं कुलूप) अडकलाय. कॅप्चर थ्रेड कॉलबॅकच्या दारात जीआयएलची (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) वाट बघतोय. ऑपरेटरने उजेड कमी-जास्त केला की होतं तर!

दुसरा प्रतिसाद:
मुख्य थ्रेड जीआयएल धरून म्युटेक्स मागतोय, कॅप्चर थ्रेड म्युटेक्स धरून जीआयएल मागतोय. एक्स्पोजरच्या फंक्शनला कॉल गार्ड (फंक्शन चालेपर्यंतच लागू राहणारी पायबाइंडची सोय) लावून जीआयएल सोडा. शिवाय कॉलबॅक बोलावण्याआधी सी++ मध्ये म्युटेक्स सोडा, खरा दोष तिथे आहे. कुलूप हातात असताना परक्याचा कोड कधी बोलावू नये. म्युटेक्स घेणारी किंवा वाट बघणारी बाकीची फंक्शनंही याच नजरेने तपासा.

तिसरा प्रतिसाद:
उबुंटू १८.०४ वर जीलिबसी २.२७ आहे. त्यामुळे मेनीलिनक्स (अनेक लिनक्सवर चालेल असं पॅकेज बांधायचं मानक) २_२८ च्या कंटेनरमध्ये बांधलं तरी एका आकड्याने हुकेल. मेनीलिनक्स २०१४ घ्या, त्यात २.१७ आहे. पायबाइंड११ ला प्रत्येक पायथन आवृत्तीसाठी वेगळं व्हील (पायथनचं बांधलेलं पॅकेज) लागतं आणि पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते, तेव्हा हाताने बांधत बसू नका, सगळी व्हील आपोआप बांधणारं सीबिल्डव्हील लावा. नॅनोबाइंड या पायबाइंडसारख्याच लायब्ररीत पायथन ३.१२ पासून पुढे सगळ्यांना एकच व्हील चालतं, पण सावळजला पायथन कोणतं?

धागाकर्ता:
३.८.

तिसरा प्रतिसाद:
मग नॅनोबाइंडचा तो फायदा तिथे मिळणार नाही. किती फंक्शनं उघडी केलीत? पंधरा-वीसच असतील तर वरून साध्या सीचं कवच घालून सीटाइप्सने (सीची फंक्शनं बोलावणारं पायथनचं अंगभूत मॉड्यूल) बोलवा. पायथनची आवृत्ती बदलली तरी पुन्हा बांधावं लागत नाही. एकट्या माणसाला तेच झेपेल. मात्र सीटाइप्स प्रकार तपासत नाही, आर्ग्युमेंटचे प्रकार नीट लिहून ठेवा, नाहीतर ६४ बिटांचा पॉइंटर मुकाट्याने ३२ बिटांत कापला जातो.

धागाकर्ता:
अठराच आहेत. हा हंगाम पायबाइंडवर काढतो, मग कवचाचं बघतो. कंटेनरमध्ये बांधून पाहिलं, ऑडिटव्हीलने (लागणाऱ्या लायब्ररी व्हीलमध्ये भरणारं टूल) कॅमेरा कंपनीची लायब्ररीसुद्धा व्हीलमध्ये ओढली आणि आता कॅमेराच सापडत नाही.

तिसरा प्रतिसाद:
ऑडिटव्हीलला एक्स्क्लूड पर्याय आहे, त्यात त्या लायब्ररीचं नाव द्या. ती ग्राहकाच्या पीसीवर ड्रायव्हरसोबत असतेच, तिथलीच वापरू दे.