मदत हवी आहे : अमेरिकेतला व्हिग पक्ष चार वर्षांत कसा संपला?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात एक छोटे अभ्यासमंडळ चालते. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेमागचे अमेरिकेतले राजकारण समजावून सांगण्याचे काम पुढच्या बैठकीसाठी माझ्याकडे आले आहे. रिपब्लिकन पक्ष १८५४ साली जन्माला आला आणि १८६० साली लिंकन निवडून आले, एवढे सांगूनही वेळ निभावता आली असती. परंतु या नव्या पक्षाला जागा कशी मिळाली हे शोधताना मी व्हिग पक्षापाशी येऊन अडकले आहे.

डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी राष्ट्रीय बँकेविरुद्ध जे पाऊल उचलले, त्यातून हेन्री क्ले, डॅनियल वेबस्टर आदी विरोधक एकत्र आले आणि १८३३-३४ च्या सुमारास व्हिग पक्ष उभा राहिला. राष्ट्रीय बँक, देशी उद्योगांना संरक्षण देणारी जकात आणि सरकारी पैशाने रस्ते व कालवे हा त्यांचा कार्यक्रम होता. १८४० आणि १८४८ अशा दोन वेळा त्यांचा अध्यक्ष निवडून आला. दोघेही, हॅरिसन आणि टेलर, पदावर असतानाच वारले, हे त्या पक्षाचे दुर्दैवच म्हणायचे.

१८५२ साली विनफिल्ड स्कॉट यांची उमेदवारी ठरवायला पक्षाच्या अधिवेशनात मतदानाच्या ५३ फेऱ्या झाल्या आणि निवडणुकीत त्यांना फक्त चार राज्ये मिळाली. हा दारुण पराभव होता यात शंका नाही. पण देशभरातली सुमारे ४४ टक्के मते तेव्हाही त्यांच्याकडेच होती. एवढी मते असलेला पक्ष १८५६ साली स्वतःचा उमेदवार उभा करण्याच्याही स्थितीत राहू नये, हे मला कोड्यासारखे वाटते.

सर्वत्र वाचायला मिळते ते स्पष्टीकरण असे की, गुलामगिरीच्या प्रश्नावर पक्ष उत्तर-दक्षिण असा दुभंगला. ते खोटे नाही. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसुरी तडजोडीची, म्हणजे जिच्या उत्तरेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी होती ती, ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाची रेषा पुसली आणि त्या रेषेच्या उत्तरेलाही गुलामगिरीला वाट मोकळी झाली, तेव्हा प्रतिनिधिगृहात उत्तरेकडच्या एकाही व्हिग सदस्याने बाजूने मत दिले नाही, तर दक्षिणेकडच्या बहुसंख्य व्हिगांनी दिले. परंतु गुलामगिरीच्या प्रश्नावर डेमोक्रॅटिक पक्षही फुटलाच की! १८६० साली चार्ल्सटनच्या अधिवेशनात ५७ फेऱ्यांनंतरही त्यांचा उमेदवार ठरला नाही आणि अखेर डग्लस व ब्रेकिनरिज असे दोन डेमोक्रॅट एकमेकांविरुद्ध लढले. पाठोपाठ चार वर्षांचे यादवी युद्ध झाले. तरीही तो पक्ष आजतागायत टिकून आहे. म्हणजे गुलामगिरीमुळे पक्ष फुटतो हे कळते, फुटलेला पक्ष नाहीसा का होतो हे त्यातून कळत नाही.

इलिनॉयमधली एक घटना मला फार बोलकी वाटते. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथल्या विधिमंडळात सिनेटच्या जागेसाठी मतदान झाले. (सिनेटर तेव्हा विधिमंडळातून निवडले जात.) पहिल्या फेरीत सर्वाधिक मते व्हिग उमेदवार अब्राहम लिंकन यांना होती. नेब्रास्का कायद्याला विरोध करणारे पाच डेमोक्रॅट आमदार मात्र लिंकन यांना मत द्यायला अखेरपर्यंत तयार झाले नाहीत. मुद्द्यावर मतभेद नव्हता, पण आयुष्यभर ज्याच्याशी झुंजलो त्या व्हिग पक्षाच्या माणसाला मत कसे द्यायचे, ही त्यांची अडचण होती. शेवटी लिंकन यांनी आपल्या समर्थकांना त्या पाच जणांच्या उमेदवाराला, लायमन ट्रम्बुल यांना, मते द्यायला सांगितले आणि स्वतः माघार घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जोशुआ स्पीड या मित्राला लिहिलेल्या पत्रात लिंकन म्हणतात की, मी स्वतःला व्हिग समजतो, पण आता व्हिग कोणी उरलेच नाहीत असे लोक सांगतात.

जाणकारांना माझी विनंती अशी की, व्हिग पक्षाचा मतदार आधी कुठे गेला, थेट रिपब्लिकन पक्षाकडे की स्थलांतरितविरोधी ‘नो-नथिंग’ चळवळीकडे, हे कृपया सांगावे. आणि डेमोक्रॅटिक पक्ष ज्या आघातातून वाचला त्यातून व्हिग का वाचले नाहीत, याचे आपल्याला पटलेले उत्तरही द्यावे.

प्रतिसाद

आपला प्रश्न नेमका आहे. उत्तर शोधायचे तर वॉशिंग्टनकडे न पाहता राज्यांकडे पाहावे, असे मी सुचवेन.

मॅसॅच्युसेट्स हा व्हिगांचा बालेकिल्ला. १८५२ च्या पडझडीतही तो त्यांच्याकडे राहिला होता. आयर्लंडमधल्या दुष्काळानंतर तिथे कॅथलिक स्थलांतरितांचे लोंढे आले होते आणि प्रॉटेस्टंट मतदार अस्वस्थ होता. व्हिग पुढाऱ्यांनी या अस्वस्थतेची दखल घेतली नाही आणि नेब्रास्काविरोधी आघाडीत सामील व्हायलाही नकार दिला. १८५४ मध्ये नो-नथिंगांनी गव्हर्नरपद आणि जवळजवळ संपूर्ण विधिमंडळ जिंकले. न्यूयॉर्कमध्ये मात्र सिवर्ड आणि थर्लो वीड या व्हिग पुढाऱ्यांनी पक्षयंत्रणा सांभाळून त्याच वर्षी गव्हर्नरपद मिळवले आणि १८५५ च्या सप्टेंबरात ती यंत्रणा सिरॅक्यूज इथे रिपब्लिकन पक्षात विलीन केली. म्हणजे मतदार एकाच वाटेने गेला नाही. अनेक ठिकाणी तो आधी नो-नथिंगांकडे आणि तिथून रिपब्लिकन पक्षात गेला.

नवा पक्ष काढणे तेव्हा आजच्या मानाने फार सोपे होते, हेही विसरू नये. मतपत्रिका सरकार छापत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची नावे छापून मतदारांच्या हाती देई आणि मतदार तोच कागद पेटीत टाकी. छापखाना आणि वाटणारी माणसे असली की पक्ष निवडणुकीत उतरला. सरकारी मतपत्रिकेची पद्धत १८८८ नंतर राज्याराज्यांत रुजली आणि नव्या पक्षांसमोर सह्या गोळा करण्याचे, नोंदणीचे अडथळे उभे राहिले.

डेमोक्रॅटिक पक्षाबद्दल माझे मत असे आहे. सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो अशा पद्धतीत सत्ताधाऱ्याचा मुख्य विरोधक ही एकच जागा असते. १८५४-५५ मध्ये व्हिगांच्या त्या जागेवर एकाच वेळी दोन नवे दावेदार आले, नो-नथिंग आणि रिपब्लिकन. १८६० नंतर उत्तरेत रिपब्लिकन पक्षाला विरोध करायचा तर डेमोक्रॅटखेरीज दुसरे कोणीच नव्हते. म्हणून ऐन युद्धात, १८६२ साली, न्यूयॉर्कचे गव्हर्नरपद डेमोक्रॅट होरेशिओ सेमूर यांना मिळाले आणि १८६४ साली लिंकनविरुद्ध डेमोक्रॅट उमेदवार मॅक्लेलन यांनी सुमारे ४५ टक्के मते घेतली. शहरांतल्या आयरिश वस्त्यांत डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना घट्ट होती, हेही कारण मोठे आहे.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. विरोधकाच्या जागेचा मुद्दा मला पटला. मांडणी त्याभोवतीच करते. आता उत्तरेचे चित्र स्पष्ट झाले, दक्षिणेचे राहिले. १८६० साली जुन्या व्हिगांचा मोठा गट अध्यक्षपदाचे तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉन बेल यांच्यामागे होता आणि त्यांना व्हर्जिनिया, केंटकी व टेनेसी ही तीन राज्ये मिळाली होती. युद्धानंतर या मतदारांपैकी किती जण रिपब्लिकन झाले आणि किती डेमोक्रॅटिक पक्षात विरले, याविषयी, निदान टेनेसीपुरते तरी, कोणी लिहू शकेल का?