मदत हवी आहे: चार दुकानांचा स्टॉक जुळेना

पंपवाला
शेतीपंपांचे सुटे भाग, पाइप, फिटिंग असा धंदा आहे. वडिलांचं एक दुकान होतं, आता चार झाली. महिनाअखेरीला एकाचाही स्टॉक जुळत नाही. या वेळी वीस फूटव्हॉल्व्ह कागदावर आहेत, रॅकमध्ये नाहीत. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? जरा लवकर सांगा.

खतावणी
आत्ता काय वापरता? आणि माल एका गोदामातून जातो की दुकानादुकानांत फिरतो?

पंपवाला
टॅली आहे. गिऱ्हाईक आलं आणि वस्तू नसली की दुसऱ्या दुकानाला फोन करतात, तिथला पोरगा गाडीवर टाकून देऊन येतो. सॉफ्टवेअरचं विचारलं होतं.

जुनाजाणता
सॉफ्टवेअरनं काही होत नाही. आमची तीन दुकानं लाल वहीवर चालली. मुंबईचे डबेवाले १८९० पासून झाकणावरच्या खुणांवर डबे पोचवतात, त्यांच्याकडे कुठे टॅली होतं?

ओसरी
डबेवाले आले! आता धागा शंभरी गाठणार. अहो, डबा संध्याकाळी रिकामा घरी येतो. यांचा व्हॉल्व्ह परत येत नाही, तीच तर तक्रार आहे.

खतावणी
टॅलीत चार दुकानांची चार गोडाऊन करा आणि पाचवं नुसतं नावाचं, "वाटेवरचा माल". पोरगा निघाला की माल पहिल्या दुकानातून पाचव्यात. पोचल्यावर घेणाऱ्यानं मोजायचं, मगच त्याच्या नावावर चढवायचं. रात्री पाचव्यात जे उरलं असेल तेवढ्याचीच चौकशी. चलनाशिवाय, म्हणजे माल पाठवल्याच्या चिठ्ठीशिवाय, एक वॉशरसुद्धा हलता कामा नये.

रंगरेषा
चारही दुकानांच्या पाट्या एकसारख्या आहेत का? गिऱ्हाइकाला एकच नाव, एकच रंग दिसला पाहिजे. मी पाट्यांचंच काम करतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हिशेबनीस
पाट्या राहू देत. दुकानं कुठे कुठे आहेत? जीएसटी नंबर किती?

पंपवाला
नंबर एकच. कोल्हापूर, जयसिंगपूर, गडहिंग्लज आणि निपाणी. गावांचा काय संबंध?

हिशेबनीस
निपाणी कर्नाटकात आहे हो! हे पहिल्याच ओळीत हवं होतं. महाराष्ट्रातली तीन दुकानं एका नंबरावर चालतात, फक्त जादा जागा म्हणून नोंदणीत दाखवलेली हवीत. त्यांच्यात माल फिरला तर कर नाही, चलन पुरतं. निपाणीला मात्र कर्नाटकाची वेगळी नोंदणी लागते. पॅन एक असला तरी कायद्यानं ती वेगळी व्यक्ती. कोल्हापूरहून तिकडे माल गेला की आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या मालावरचा जीएसटी, लावून बिल करायचं, मग निपाणी त्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट घेणार. ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागण्याची मर्यादा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाचा माल, पण राज्याबाहेर पन्नास हजारांचा. तिथली विक्री कुठल्या नंबरावर करताय?

पंपवाला
कोल्हापूरच्याच. सात महिने झाले. चाळीस किलोमीटरवर तर आहे, माणसं सगळी मराठीच बोलतात.

सीमाभाग
निपाणी १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होती. खरं तर ती

संपादक
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. तिकडे बोला.

जुनाजाणता
म्हणून म्हणतो, दुकानं वाढवू नयेत. एकच ठेवा, गल्ल्यावर स्वतः बसा.

ओसरी
तुमची तीन होती ना?

जुनाजाणता
दोन बंद केली.

हिशेबनीस
पंपवाले, सॉफ्टवेअर नंतर बघा. उद्या सकाळी सीएकडे जा, निपाणीची बिलं घेऊन. सात महिन्यांचं निस्तरायचं आहे. स्वतःहून गेलेलं बरं, नोटीस येऊन जाण्यापेक्षा.

पंपवाला
फोन केला. आधी पाच मिनिटं बोलणी खाल्ली, उद्या अकराला बोलावलंय. पाचवं गोडाऊन मात्र आजच करतो.

खतावणी
ते वीस व्हॉल्व्ह सापडले का?

पंपवाला
गडहिंग्लजचा पोरगा म्हणतो, वीस निपाणीला पोचवले. निपाणीवाला म्हणतो, अकराच आले. चलन नाही.