यहुदी की ख्रिस्ती: खात्री नसताना हिशेब कसा मांडावा?

रिकामी चौकट:
जन्माने दोन्हींपैकी काहीच नाही. अब्राहामाचा देव असावा इतपत पटलंय, पुढे अडलंय. पास्कलच्या पैजेसारखा (देव आहे असं धरून चालण्यात फायदा, हा त्याचा युक्तिवाद) तक्ता केला: यहुदी व्हा किंवा ख्रिस्ती व्हा, ख्रिस्ती बाजूला अनंत फायदा. आकडे कसेही बदलले तरी उत्तर ख्रिस्तीच. कुठे चुकतंय?

शनिवार तेली:
तिसरी ओळ राहिली. यहुदी धर्म परक्याला, म्हणजे बिगर-यहुद्याला, यहुदी व्हायला सांगतच नाही. 613 आज्ञा यहुद्यांना, बाकीच्यांना नोहाच्या सात, म्हणजे साऱ्या माणसांसाठीच्या मूळ आज्ञा. त्या देवाची आज्ञा म्हणून पाळल्या तर परक्यालाही येणाऱ्या जगात (मृत्यूनंतरच्या) वाटा, असं मध्ययुगीन यहुदी धर्मशास्त्री मायमोनिडीस म्हणतो. म्हणजे यहुदी न झाल्याचा तोटा तुम्हाला शून्य. उलट झालात आणि शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) मोडलात, तर दोष. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात (यबामोथ 47अ) इच्छुकाला हेच आधी ऐकवतात: कालपर्यंत शब्बाथ मोडल्याची शिक्षा तुला नव्हती, आता आहे. परतीची वाटही नाही. तिघांचं बेथ दीन (धार्मिक न्यायमंडळ), मिक्वेत (शुद्धीच्या कुंडात) बुडी, पुरुषाची सुंता झाली की पुढे विश्वास उडाला तरी हलाखाच्या (यहुदी धर्मनियमांच्या) लेखी तो यहुदीच.

रिकामी चौकट:
मग ख्रिस्ती होण्यात धोकाच नाही?

शनिवार तेली:
आहे. येशूची देव म्हणून उपासना मायमोनिडीस मूर्तिपूजेत धरतो, आणि ती मनाई त्या सातांतलीच. नंतरचे बरेच रब्बी परक्याला इथे सूट देतात, म्हणून हा धोका मधला धरा. यहुद्याला मात्र ती सूट नाही. अलिबागच्या बेने इस्रायल (कोकणातल्या यहुदी समाजातल्या) माणसाने हाच तक्ता मांडला तर उत्तर वेगळं येईल.

ओलं शाईपेन:
ख्रिस्ती रकानाही सरसकट अनंत नको. स्वतःचा दोष नसताना सुवार्ता न कळलेल्याचं तारण होऊ शकतं, असं कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकनमधल्या दुसऱ्या परिषदेने 1964 मध्ये मांडलं. पण चर्चची गरज कळूनही जो बाहेर राहतो त्याला ही सवलत नाही. (इतकं वाचल्यावर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही.)

खरी मेख अनंतात आहे. 0.3 गुणिले अनंत आणि 0.001 गुणिले अनंत, दोन्ही अनंतच. नाणं उडवून ठरवलं तरी तेवढंच मूल्य. म्हणून तक्ता बाजूला ठेवून आधी संभाव्यता ठरवा.

देवाने सीनाय पर्वतावर मोशेला नियमशास्त्र दिलं, हे दोन्ही धर्मांना मान्य, तो वाद इथे कटला. यशया 53 वर (दुःख सोसणाऱ्या देवाच्या सेवकाचा अध्याय; ख्रिस्ती तो येशूला लावतात) महिने घालवू नका. राशी हा मध्ययुगीन यहुदी भाष्यकार तो सेवक म्हणजे इस्राएल समजतो, आणि 49:3 मध्ये तसं म्हटलंयही; पण तालमूदमध्येच (सन्हेद्रिन 98ब) या अध्यायातला शब्द मशीहाला लावलाय. पारडं फारसं हलत नाही.

वजन आहे ते करिंथकरांस पहिल्या पत्रात, 15:3-8. पत्र साधारण सन 53-55 चं, आणि पुनरुत्थित येशू कोणाकोणाला दिसला याची परंपरा आपल्याला मिळालेली म्हणून पौल देतो, म्हणजे ती त्याहून जुनी.

शनिवार तेली:
त्याच्या शेजारी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अध्याय 13 ठेवा: चिन्ह खरं ठरलं तरी दुसऱ्या देवांमागे नेणाऱ्याचं ऐकू नका. म्हणून आकडे दोन लागतात. येशू उठला याची शक्यता किती, आणि उठला असेल तर त्याची उपासना योग्य असण्याची किती. यहुदी अभ्यासक पिंखास लापिडे यांनी पहिली गोष्ट मान्य केली आणि ते यहुदीच राहिले. लोक पहिलाच आकडा काढून थांबतात.

रिकामी चौकट:
तोवर काय करू?

ओलं शाईपेन:
दोन्हीकडे पाहुणा म्हणून बसा, सिनेगॉगला आधी विचारून. बाप्तिस्म्याची घाई नको. कॅथलिक मताप्रमाणे तोही पुसला जात नाही.