मदत हवी आहे: आजोबांची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल .३१५ आहे की .३०३?

मंडळी, माजी सैनिक, बंदुकांतले जाणकार किंवा परवान्याच्या फेऱ्यांतून गेलेलं कुणी असेल तर जरा मार्गदर्शन करा.

आमचं गाव पाटण तालुक्यात. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी परवान्यावर एक सेकंडहँड रायफल घेतली, त्यांच्या मागे ती थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, नावावर झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद होत गेली, त्यामुळे रायफलीला दोनच कामं उरली: खंडेनवमीला पूजा आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. अण्णा गेल्या वर्षी वारले. काकूंनी लगेच रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली, तेवढा घोर नाही. आता वारस म्हणून मला अर्ज करायचा आहे, चुलतभावांची हरकत नाही.

घोळ वेगळाच आहे. परवान्यावर '.३१५ बोअर रायफल' लिहिलंय. पण दुकानात बघायला गेलो तर तिथला एक कारागीर म्हणाला, "ही थ्री नॉट थ्री आहे. पलटणीची रायफल, लाकूड कापून शिकारी केलीय. अर्जाच्या भानगडीत पडू नका, सरकारजमा करून मोकळे व्हा." आता .३०३ म्हणजे प्रतिबंधित बोअर. विनापरवाना सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात ते चौदा वर्षं. काकू तेव्हापासून घाबरल्यात.

मला दिसलं ते सांगतो. डावीकडे बी.एस.ए.ची (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, इंग्लंडची बंदूक कंपनी) अक्षरं, पुसट. बोल्टची मूठ खाली वळलेली आणि चकचकीत झिजलेली. पुढचं लाकूड अर्ध्या नळीपर्यंतच. मॅगझिन छोटं, खाली फारसं बाहेर येत नाही. मागच्या साईटच्या खाचेत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू घट्ट बसलंय आणि त्याच्याखाली गंज धरलाय. नळीवर बोअरचा आकडा काही सापडला नाही. दुकानात व्हर्नियर लावून तोंडाशी माप घेतलं, ते ना धड इकडचं ना तिकडचं.

खरं-खोटं कसं ठरवायचं? आणि .३१५ निघाली तर ती कधी रेंजवर चालवता येईल का? नुसती भिंतीवर टांगायला नकोय मला.

प्रतिसाद (जुना आर्मरर, कोरेगाव)

तोंडाशी व्हर्नियर लावून काही कळणार नाही भाऊ. .३०३ ची नळी ७.७ मिलिमीटर, .३१५ ची ८. फरक केसाएवढा. त्यात जुन्या रायफलींचं तोंड नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी ओढून ओढून झिजलेलं असतं, म्हणजे मापाचा भरवसाच नाही. चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाचा, साचा घ्यावा लागतो, तो चांगल्या गनस्मिथकडून घ्या. आणि 'बसतंय का बघू' म्हणून कुणाला त्यात .३०३ चं काडतूस घालू देऊ नका.

ओळखायच्या खुणा सांगतो. पलटणीच्या एस.एम.एल.ई. (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) मार्क तीनवर बोल्टच्या मुठीखालच्या पट्टीवर उजवीकडे मुकुट, खाली जी.आर., कारखाना आणि साल असतं. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची असेल तर जी.आर.आय. पट्टी कोरी असेल तर लष्करी असण्याची शक्यता कमी. दुसरं, लष्करी रायफलीत मॅगझिनच्या वर आडवा पूल असतो, पाच-पाच गोळ्यांची क्लिप त्यात खोचून भरायची. बी.एस.ए.च्या जुन्या शिकारी रायफलींना तो सहसा नसतो. तिसरं, लष्करी मॅगझिन दहा गोळ्यांचं, बऱ्यापैकी खाली येतं. तुमचं छोटं आहे म्हणताय, म्हणजे माझा कौल .३१५ कडे.

त्या कारागिराचं मात्र फार चुकलं असंही नाही. दोन्हींची अ‍ॅक्शन एकाच घराण्यातली, ली साहेबाची. इंग्रजांना हिंदुस्थानात सरकारी दारूगोळा लोकांच्या बंदुकीत चालायला नको होता, म्हणून .३०३ बंद ठेवून शिकाऱ्यांना .३१५ दिली. दिसायला बहिणी, काडतूस वेगळं.

प्रतिसाद (सांगलीकर)

मी कागदांच्या बाजूने सांगतो, कारण शेवटी कलेक्टर ऑफिसला कागदच बोलतात. परवान्याच्या मागच्या पानांवर काडतूस खरेदीच्या नोंदी बघा. विक्रेत्याने सही-शिक्क्यानिशी .३१५ ची काडतुसं दिली असतील तर तेवढा पुरावा भारी आहे. साध्या परवान्यावर .३०३ मिळतच नाही.

शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. मृत्यूचा दाखला, जमा पावती आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. अर्जात रायफलीचा नंबर नळीवरून स्वतः वाचून लिहा, जुन्या परवान्यावरून उतरवू नका. आमच्या एका नातेवाइकाच्या परवान्यात तीनचा आठ झाला होता, नुसता तो आकडा दुरुस्त करायला वर्ष गेलं.

प्रतिसाद (पाटणचाच)

सरकारजमा करायची घाई कुणी करायला लावत असेल तर जरा सबुरीने. एकदा गेली की गेली.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. पुन्हा दुकानात जाऊन आलो. पट्टी कोरी, पूल नाही. गनस्मिथने वरचं लाकूड उतरवलं तर चेंबरजवळ बर्मिंगहॅमच्या प्रूफचे (नळीच्या चाचणीचे) शिक्के निघाले, मुकुट आणि खाली अक्षरं. परवान्याच्या पानांवर .३१५ च्या खरेदीच्या नोंदीही आहेत, शेवटची अण्णांच्या सहीची. साचा पुढच्या आठवड्यात. अण्णांची काही काडतुसंही त्याच दुकानात जमा आहेत, बुडावर के.एफ. दिसतं. परवाना मिळाला की रेंजवर हीच वापरू का? आणि लाकूड फार कोरडं पडलंय, पॉलिश मारू?

प्रतिसाद (जुना आर्मरर, कोरेगाव)

के.एफ. म्हणजे आपली खडकी. पण जुनी काडतुसं वापरू नका, त्यांचा हिशोब विक्रेत्याकडेच लावून नवीन घ्या. जुन्या काडतुसांच्या टोप्यांचा (प्राइमरचा) क्षार नळीत राहतो आणि कोयनेकडच्या पावसाळी हवेत दोन दिवसांत गंज धरतो. आम्ही फायरिंग झालं की नळीत उकळतं पाणी ओतायचो, मग कोरडी चिंधी, मग तेल. पहिल्या फायरआधी बोल्टची हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली जागा) तपासून घ्या, नंबर बोल्टवर आणि नळीवर एकच आहे ना तेही बघा.

लाकडाला पॉलिश अजिबात नको. जवसाचं तेल हाताने चोळा, पातळ, वाळू द्या, परत चोळा. कुंकू काढायला रॉकेल आणि जुना टूथब्रश. सँडपेपर लावलात तर शिक्के जातील आणि परत हाच धागा काढावा लागेल.